ज्वारीच्या पोत्यावर नाव कुणाचं?

केविन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने मार्च १९९३मध्ये सुदानच्या आयोद गावात काढलेला फोटो मराठी घरांतल्या फोनवरही कधी ना कधी येऊन गेलेला असतो. जमिनीवर कोसळलेलं, हाडांचा सापळा झालेलं मूल आणि मागे थोड्या अंतरावर टपून बसलेलं गिधाड. सोबत ठरलेला मजकूर: खरं गिधाड कोण, पक्षी की कॅमेरेवाला? १९९४च्या एप्रिलमध्ये या फोटोला पुलित्झर मिळालं, जुलैत कार्टरने आत्महत्या केली, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी या दोन घटनांची सांगड घालून एक आयतं कीर्तन तयार केलं. त्या कीर्तनात चौकटीबाहेरचं काही नसतं. चौकटीबाहेर एक विमान उभं होतं. कार्टर त्याच विमानाने आला होता. धान्य उतरवून वाटायला साधारण अर्धा तास, की लगेच परतीचं उड्डाण. मुलाच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी होती, म्हणजे अन्नकेंद्राच्या यादीत त्याची नोंद झालेली होती. मदत पोहोचली नव्हती असं नाही. ती हाकेच्या अंतरावर होती.

एकमेकांवर बंदुका रोखून बसलेल्यांनी उतरू दिलं, म्हणून ते विमान तिथे उतरू शकलं होतं. त्या परवानगीची गोष्ट फोटोहून गुंतागुंतीची आहे. दानधर्माविषयी आपण जे गृहीत धरून चालतो, त्यातलं बरंच काही ती उलटंपालटं करते.

सुदानमधलं दुसरं यादवी युद्ध १९८३मध्ये पेटलं. एका बाजूला उत्तरेतलं खार्टूमचं सरकार, दुसऱ्या बाजूला जॉन गरांग यांच्या नेतृत्वाखालचं दक्षिणेतलं बंडखोर सैन्य, एसपीएलए. १९८८मध्ये बहर-अल-गझल या दक्षिणेतल्या प्रांतात दुष्काळ पडला आणि अंदाजे अडीच लाख माणसं मेली. त्याला दुष्काळ म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. सरकारने हत्यारं पुरवलेल्या बग्गारा टोळ्यांनी डिंका लोकांची गावं जाळली, गुरं हाकून नेली, बायकामुलं पळवून गुलाम केली. डेव्हिड कीन या ब्रिटिश अभ्यासकाने पुढे याच दुष्काळावर पुस्तक लिहिलं. ही उपासमार युद्धाचा ओघाने झालेला परिणाम नव्हती, तिच्यातून अनेकांना रोकडा फायदा होत होता, असं त्याने त्यात दाखवून दिलं. गुरं स्वस्तात मिळत होती, मजूर फुकट मिळत होते, जमीन रिकामी होत होती.

एप्रिल १९८९मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सरकार आणि एसपीएलए या दोघांकडून एक कबुली मिळवली: ठरलेल्या वाटांनी अन्न आणि औषधं जाऊ द्यायची, त्या वाटांवर हल्ला करायचा नाही. ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ हे त्याचं नाव. बोलणी करण्यात युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट पुढे होते. चार वर्षांपूर्वी, १९८५मध्ये, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये त्यांनी असाच एक प्रयोग जमवून आणला होता. कॅथलिक चर्चच्या मध्यस्थीने सरकार आणि गनिमी सैनिकांनी तीन रविवार लढाई थांबवली आणि सुमारे अडीच लाख मुलांना लसी टोचल्या गेल्या. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत तिथे दरवर्षी हे लसीचे दिवस पाळले गेले.

सार्वभौम सरकारने आपल्याच हद्दीत, आपल्याशीच लढणाऱ्यांच्या ताब्यातल्या लोकांना बाहेरून अन्न येऊ द्यावं, ही कल्पना तेव्हा नवी होती. तिची किंमतही होती. कोणत्या धावपट्टीवर उतरायचं, कुठे पोती टाकायची, याची यादी दर महिन्याला खार्टूमच्या मंजुरीसाठी जायची. यादीतलं नाव तिथे खोडलं गेलं की त्या गावापुरती मदत बंद.

दान कुणाला करावं, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार बारकाईने हाताळलेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन प्रती सांगितल्या आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र माणसाला दिलेलं ते सात्त्विक. भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, तेही तुच्छतेने दिलेलं ते तामस. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ रचला, त्यात दानखंड नावाचा एक स्वतंत्र विभागच आहे. काय द्यावं, कधी द्यावं, कुणाला द्यावं आणि दिल्याने काय मिळतं याचा तो जणू खजिना. या कसोट्या बहर-अल-गझलला लावल्या तर पंचाईत होते. युद्धभूमी हे योग्य स्थळ कसं? लुटालुटीचा काळ हा योग्य काळ कसा? आणि पात्र कोण? ज्या बाईच्या हातात धान्य दिलं तिचा नवरा बंडखोर सैन्यात असेल, आणि रात्री तो त्याच ज्वारीची पेज पिऊन पहाटे कुणाचं तरी गाव जाळायला जाणार असेल, तर?

अन्नाच्या बाबतीत मात्र शास्त्रकारांनीही हात सैल सोडला आहे. गाय, जमीन, सोनं देताना घेणाऱ्याची विद्या, कुळ, आचार पाहा. अन्न देताना भूक तेवढी पाहा. पंक्तीला येऊन बसलेल्याला गोत्र विचारणारे आपल्याकडे होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अन्नछत्रं आणि सदावर्तं भुकेच्याच तत्त्वावर चालली, तेही खरं.

१९६५मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत रेड क्रॉस चळवळीने जी सात मूलतत्त्वं जाहीर केली, त्यातलं एक याच्या अगदी जवळचं आहे. मदत गरजेच्या मापाने द्यावी. माणूस कुठल्या देशाचा, धर्माचा, पक्षाचा हे पाहू नये. याला निःपक्षपात म्हणावं. त्याच यादीत दुसरं तत्त्व आहे तटस्थतेचं: लढाईत कुणाचीही बाजू घेऊ नये. ही दोन तत्त्वं इतकी जोडीने उच्चारली जातात की ती एकच वाटू लागतात. ती एक नाहीत, आणि हे समजायला जिनिव्हाला जाण्याची गरज नाही.

शीख परंपरेतले भाई कन्हैया पाहावेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आनंदपूरच्या लढाईत ते पखालीतून जखमींना पाणी पाजत होते. शत्रूकडच्या जखमींनाही पाजत होते, म्हणून त्यांच्याविरुद्ध गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार गेली. आपण आत्ता ज्याला पाडलं त्यालाच हा उठवतोय, अशी. भाई कन्हैया म्हणाले, मला सगळ्यांत तुमचंच रूप दिसतं. आणि गुरूंनी त्यांच्या हाती मलमही दिलं, नुसतं पाणी कशाला, जखमा बांध. अशी ही कथा सांगितली जाते. या कथेत भाई कन्हैया तटस्थ नाहीत. ते गुरूंच्या गोटातले आहेत, गुरूंचे शिष्य आहेत, त्यांची बाजू ठरलेली आहे. तरीही त्यांच्या पखालीत पक्षपात नाही.

ऑपरेशन लाइफलाइन सुदानची स्थिती याच्या बरोबर उलटी होती. ते तटस्थ होतं, काटेकोरपणे तटस्थ. दोन्ही बाजूंशी बोलायचं, कुणालाही दोष द्यायचा नाही, नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पण कोणतं गाव जेवणार आणि कोणतं उपाशी राहणार हे खार्टूममधला अधिकारी ठरवत असल्यामुळे गरजेच्या मापाने वाटप करणं त्याला शक्यच नव्हतं. तटस्थता टिकवण्यासाठी निःपक्षपात गहाण पडला. मदतकार्याच्या जाहिरातींत ही ओळ सापडत नाही.

१९९८ साली ही गहाणवट वसूल झाली. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर केरुबिनो क्वानयिन बोल या सेनानीने वाऊ शहरावर हल्ला केला. हा गृहस्थ आधी बंडखोर, मग काही वर्षं सरकारच्या बाजूने याच प्रांताची लूट करणारा, आणि आता पुन्हा बंडखोर. हल्ला फसला. सूडाच्या भीतीने शहरातले हजारो डिंका रानोमाळ पांगले. त्याआधीच्या हंगामात पाऊस नीट झाला नव्हता, कणगीत काही नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, खार्टूमने बहर-अल-गझलवरची मदतीची उड्डाणं जवळजवळ बंद केली. पेरणीआधीचे, बियाणं आणि अन्न पोहोचवण्याचे ते आठवडे हातचे गेले. ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी तेव्हा देणग्यांच्या आवाहनांवरच आक्षेप घेतला. अडचण पैशांची नाही, वाट अडवलेली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मदतसंस्था चिडल्या. पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या.

जुलैच्या मध्यावर बहर-अल-गझलपुरता युद्धविराम झाला. तो तीन महिन्यांचा होता, पुढे वाढवतही गेले. केनियाच्या वाळवंटी उत्तर टोकावरच्या लोकिचोगियो गावातून हर्क्युलिस विमानं उडू लागली. एका खेपेला सोळा टन धान्य. धावपट्टी नसेल तिथे विमान बरंच खाली यायचं, नाक जरा वर करायचं आणि मागच्या उघड्या दारातून पोती घरंगळत खाली यायची. पॅराशूट नाही. पोती फुटू नयेत म्हणून एकात एक घातलेली. आखलेल्या मैदानात माणूस शिरू नये म्हणून आधी सगळ्यांना लांब हाकलून बसवलेलं. मक्याच्या जोडीने पोत्यांत ज्वारी असायची, कारण डिंका माणसाचं रोजचं खाणं ज्वारीच. सोलापूरकराला त्या थाळीत बसायला फार अडचण पडली नसती. सुदानभर मदतीवर जगणाऱ्यांचा आकडा त्या उन्हाळ्यात २६ लाखांवर गेला होता.

आणि तरीही माणसं मरत राहिली. दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू ही आणीबाणीची खूण मानतात. अजिएप या गावात हे प्रमाण त्याच्या दहापटीहून वर गेलं होतं, विमानं येऊ लागल्यावरसुद्धा.

अजिएपमधलाच टॉम स्टॉडर्ट या ब्रिटिश छायाचित्रकाराचा फोटो आहे, १९९८चाच. जमिनीवर नुसती हाडं उरलेला एक मुलगा हाता-गुडघ्यांवर पडलेला, वर मान करून पाहतोय. त्याच्या वाट्याची मक्याची पिशवी घेऊन एक धडधाकट माणूस ऐटीत चाललेला आहे. कार्टरच्या फोटोत खलनायक शोधावा लागतो. इथे तो आयता समोर आहे. तेव्हा जगभरच्या वाचकांनी एकच निष्कर्ष काढला: मदत चोरली जाते.

चोरली जातच होती. एसपीएलए गावागावातून सैन्यासाठी धान्याची सक्तीची वसुली करत असे. त्या जुलैत रुम्बेकच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख सेझारे माझ्झोलारी यांनी उघड आरोप केला की मदतीतला निम्म्याहून जास्त भाग सैन्याकडे वळवला जातो. चर्चच्या माणसाने, तेही बंडखोरांच्या मुलखात राहून, हे बोलण्याला धाडस लागतं. त्यावर संयुक्त राष्ट्रं, मदतसंस्था आणि एसपीएलएची मदत शाखा यांचं एक संयुक्त पथक गावोगाव फिरलं. धान्य नेमकं कुठे जातं याचा त्यांनी माग काढला. त्यांना चोरी सापडली. पण दुसरंही काहीतरी सापडलं, आणि धर्मचर्चा करणाऱ्यांनी खरं तर तिथे थांबायला हवं.

मदतसंस्थांनी पात्रता ठरवण्याची स्वतःची पद्धत बसवली होती. मुलाच्या दंडाचा घेर मोजायचा, वजन आणि उंचीचा मेळ पाहायचा. ठरलेल्या रेषेखाली गेलेलं मूल ज्या घरात त्या घराला धान्य. नियम शास्त्रशुद्ध होता आणि दयाळूही. वाटप व्हायचं, बायका पोती डोक्यावर घेऊन निघायच्या, आणि थोडं पुढे गेल्यावर, परदेशी माणसांच्या नजरेआड, सगळं धान्य पुन्हा एका जागी ओतलं जायचं. कुळाचा प्रमुख ते सगळ्या घरांत वाटून द्यायचा. ज्याचं मूल मरणाच्या दारात आहे त्यालाही तेवढंच, ज्याचं जरा बरं आहे त्यालाही जवळपास तेवढंच.

परदेशी स्वयंसेवकाला ही लूट वाटली. डिंका माणसाच्या दृष्टीने लूट उलट बाजूने होत होती. मदतसंस्था आज आहे, उद्या युद्धविराम मोडला की विमानात बसून जाईल. भाऊबंद राहणार आहेत. लग्नातल्या गुरांच्या देण्याघेण्याने बांधलेली नाती, उसनवारी, पडत्या काळात एकमेकांना धरून राहण्याचा करार, हाच त्यांचा विमा, हीच पेन्शन. आज मी एकटा खाल्लं तर पुढच्या दुष्काळात माझ्या दारी कोण येईल? दंडाच्या घेरावरून एकाला धान्य आणि शेजारच्या सख्ख्या चुलत्याला नाही, हा न्याय त्यांना परका होता. सर्वांत अशक्त मूल आधी, हा डॉक्टरचा नियम. कुळ टिकलं तर मूल टिकेल, हा त्यांचा. स्टॉडर्टच्या फोटोतला धडधाकट माणूस चोरच असेल. पण त्या पोत्यांच्या ढिगाऱ्याभोवती जमलेला प्रत्येक माणूस चोर नव्हता.

दानाविषयीच्या आपल्या सगळ्या ग्रंथांत बोलणारा असतो तो देणारा. त्याचं मन शुद्ध हवं, त्याने अपेक्षा ठेवू नये, त्याला पुण्य लागावं. घेणारा असतो तो पारखला जाण्यासाठी. घेणाऱ्यालाही धर्म असतो, त्याचाही काही निवाडा असतो, हे क्वचित दिसतं. एक जागा मात्र लखलखीत आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट येते. कुरू देशातलं पीक हातचं गेलेलं, हा विद्वान ब्राह्मण बायकोसह एका गावात भटकत आलेला. एक माहूत हलक्या प्रतीचं कडधान्य खात बसला होता. उषस्तीने मागितलं. माहूत म्हणाला, ताटातल्या उष्ट्याशिवाय माझ्याकडे काही नाही. तेच दे, म्हणून उषस्तीने ते खाल्लं. माहुताने पाणी पुढे केलं, तर ते नाकारलं: ते उष्टं होईल. मग दाणे उष्टे नव्हते का, असं माहुताने विचारलं. त्यावर तो म्हणतो, ते खाल्लं नसतं तर जगलो नसतो. पाणी मला कुठेही मिळेल.

गरज कुठवर आहे आणि कुठे संपते, हे इथे माहूत ठरवत नाही. भुकेलेला ठरवतो. भुकेने कासावीस झालेल्या माणसालाही विवेक असतो, आणि तो विवेक देणाऱ्याच्या हिशेबाशी जुळेलच असं नाही. बहर-अल-गझलमधल्या कुळप्रमुखांनी उषस्तीचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण वागणं त्याच जातीचं होतं.

हे एवढ्यावर सोडून दिलं तर मात्र ती भाबडी आरती होईल. त्याच पथकाला हेही दिसलं की कुळाच्या या न्यायात वाऊहून किंवा जळालेल्या गावांतून पळून आलेल्यांना जागा नव्हती. ज्याचे नातलग तिथे नाहीत, ज्याचं नाव स्थानिक प्रमुखाच्या यादीत नाही, तो वाटणीच्या वर्तुळाबाहेर. अजिएपमध्ये इतकी माणसं मेली, त्यात अशा आगंतुकांची संख्या मोठी होती. भाऊबंदकीची ऊब आणि भाऊबंदकीची भिंत एकाच मातीची असते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी डॉक्टरचा परका, कोरडा नियम हाच एकमेव आधार ठरतो. त्याला कुणाचं कूळ माहीत नसतं, हाच त्याचा गुण.

यावर एक व्यावहारिक तोडगा निघाला: कोरडा शिधा देण्याऐवजी शिजवलेलं अन्न द्यायचं, तिथेच बसवून खायला घालायचं. शिधा घरी जातो आणि त्याला वाटेत दहा हात लागतात. पंगतीला बसलेल्याच्या पोटातलं कुणी काढून नेत नाही. मुलांसाठीची अन्नकेंद्रं याच पद्धतीने चालली. पण त्यासाठी माणसं एका जागी जमावी लागतात, आणि युद्धात जमाव हे सोपं लक्ष्य असतं. रोगराईलाही. पंगत मांडायची तर बंदुका खरोखर थांबलेल्या हव्यात. म्हणून युद्धविराम हा केवळ ट्रक जाण्यापुरता उपयोगाचा नसतो. कोणत्या प्रकारे देता येईल हेही तो ठरवतो.

आता सगळ्यांत कठीण प्रश्न. जे अन्न सैन्यही खातं, ते द्यावं का? हा वाद सुदानच्या आधीचा आहे. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राला चर्च संघटनांनी आणि रेड क्रॉसने रात्रीच्या अंधारात विमानांनी अन्न पोहोचवलं. त्यानेच युद्ध लांबलं, असं म्हणणारे अभ्यासक आजही आहेत. १९९४मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर झैरेमधल्या गोमाच्या छावण्या संहार करणाऱ्यांच्याच ताब्यात गेल्या, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची फ्रेंच शाखा काम सोडून बाहेर पडली. इतर अनेक संस्था तिथेच राहिल्या. छावणीत मारेकरीही होते आणि त्यांच्या मुलाबाळांची भूकही होती. दोन्ही निर्णयांना कारणं होती, आणि दोन्हींपैकी कोणत्याही निर्णयानंतर हात स्वच्छ राहिले नाहीत.

तरीही सुदानच्या अनुभवावरून एक निवाडा करता येतो. १९९८मधली मुख्य चूक धान्य देण्यात नव्हती, ती मिळालेल्या परवानगीला उपकार मानण्यात होती. ज्याने विमान अडवलं त्यानेच नंतर ते येऊ दिलं, की त्याचे आभार मानायचे आणि अडवल्याच्या काळात मेलेल्यांविषयी बोलायचं नाही, कारण पुढच्या यादीवर त्याचीच सही लागणार. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पुरवणीने नागरिकांना उपाशी मारणं हे युद्धाचं साधन म्हणून वापरण्यावर बंदी घातली. मे २०१८मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २४१७ करून ते पुन्हा बजावलं. म्हणजे वाट मोकळी करणं हे कर्तव्य आहे, देणगी नव्हे. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं उघडली ती बेदरच्या बादशहाला विचारून नाही. बहर-अल-गझलसाठी त्या कथेतल्यासारखा कुठला विठू महार भरणा करायला येणार नव्हता, म्हणून परवानगी मागावी लागली, हे ठीक. पण मागताना हक्क मागतोय की भीक, हा फरक मागणाऱ्याच्या हातात होता.

आपल्या परंपरेबद्दलही इथे थोडं खरं बोलावं. दोन सैन्यं शेजारी लढत असताना भारतातले शेतकरी निर्धास्त नांगरत असतात, असं मेगॅस्थेनिसने लिहून ठेवलं आहे, आणि धर्मयुद्धावर व्याख्यान देणाऱ्यांना ते फार आवडतं. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं, रयतेच्या दाण्यावैरणीला हात न लावण्याबद्दलचं पत्र आपण अभिमानाने वाचतो, ते योग्यच. पण अठराव्या शतकात बंगालमध्ये शिरलेल्या मराठी फौजांची आठवण तिथल्या आया मुलांना निजवताना काढत आल्या आहेत, बर्गी म्हणून. बग्गारा टोळ्यांविषयी वाचताना तेवढं लक्षात असू द्यावं.

दक्षिण सुदान जुलै २०११मध्ये स्वतंत्र झाला. उरलेल्या सुदानमध्ये एप्रिल २०२३मध्ये लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू झालं. दारफूरमधल्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४मध्ये दुष्काळ जाहीर झाला. जवळच्या अल-फाशर शहराला वेढा पडलेला होता. जून २०२५मध्ये तिकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १५ ट्रकांच्या ताफ्यावर वाटेत, अल-कोमा इथे हल्ला झाला. पाच मदतकर्मी ठार झाले. ऑक्टोबरमध्ये शहर पडलं.

या सगळ्या काळात शहरांतल्या गल्ल्यांतून जेवण शिजवलं ते बाहेरून आलेल्यांनी नाही. मोहल्ल्यातल्या तरुणांनी ‘आपत्कालीन मदत कक्ष’ काढले, आणि सूफी मठांतल्या सार्वजनिक स्वयंपाकघरांच्या जुन्या परंपरेतून आलेल्या तकाया नावाच्या सामुदायिक चुली पेटवल्या. मसूर, फूल म्हणजे तिकडचे बाकला, ज्वारी, जे मिळेल ते. कोण भुकेलं आहे हे त्यांना दंड मोजून कळत नव्हतं, दार माहीत होतं. आणि युद्धातून पळून आलेला अनोळखी माणूसही त्यांच्या रांगेत होता. बहर-अल-गझलच्या कुळाला जे जमलं नाही ते या चुलींना बऱ्याच अंशी जमलं. त्या तटस्थ होत्या का, हा प्रश्न कार्यकर्त्यांना दोन्ही सैन्यांनी विचारला, बहुधा तुरुंगात. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा त्यातल्या शेकडो चुली विझल्या. त्याच वर्षी या कक्षांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही मिळाला.

नागरिकांच्या संरक्षणाचा आणि मदतीच्या वाटा खुल्या ठेवण्याचा पहिला करार मे २०२३मध्ये सौदी अरबस्तानातल्या जेद्दाहला झाला होता. टेबलाभोवती दोन्ही सैन्यांचे प्रतिनिधी होते आणि मध्यस्थ म्हणून सौदी आणि अमेरिकी अधिकारी. चुली चालवणाऱ्यांपैकी कुणालाही तिथे खुर्ची नव्हती.